दिलेला ताण, बसलेला ताण

बारामतीहून इंदापूरकडे निघालात म्हणजे तुकोबांच्या पालखीचीच वाट धरावी लागते. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस हिरवा राखला आहे खरा. पण पाटापासून जरा दूर गेले की मुरमाड माळ आणि त्यावर डाळिंबाच्या बागा. हिवाळ्यात एखादी बाग पिवळी, उघडीबोडकी दिसली म्हणजे नवख्याला वाटावे, गेली बिचारी! मालकाला विचारा. तो शांतपणे सांगेल, "ताणावर सोडलीय."

हा ताण म्हणजे हिशेबाने घडवलेला उपास. आंबे बहार धरावयाचा तर हिवाळ्यात, मृग बहार धरावयाचा तर उन्हाळ्यात पाणी बंद करावयाचे. पालवी थांबते, काड्यांत अन्नसाठा होतो, पाने गळतात. मग छाटणी, खत, आणि हलके पाणी देऊन 'ताण तोडला' की झाड फुलावर येते. हलक्या जमिनीत हे लवकर साधते. भारी जमीन जास्त दिवस मागते.

गंमत अशी की, बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ साली जी केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तिच्या नावातच हा शब्द आहे : राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. जैविक खताची सवय झालेल्याला 'अजैविक' म्हणजे रासायनिक वाटावयाचे. अर्थ तसा नाही. कीड आणि रोग यांचा पिकाला होणारा जाच तो जैविक. अवर्षण, ऊन, गारठा, खारवट जमीन, साचलेले पाणी यांचा तो अजैविक. इंग्रजी 'स्ट्रेस'साठी हा शब्द घेतला. पदार्थविज्ञानवाले मात्र स्ट्रेसला 'प्रतिबल' म्हणतात आणि ताण ओढलेल्या दोरीसाठी राखून ठेवतात. मला विचाराल तर, शेतीवाल्यांनी निवड बरी केली.

शास्त्रज्ञाच्या लेखी ताण हा वैरी, बागवानाच्या लेखी औषध. हा घोटाळा मराठीने क्रियापदावर सोडविला आहे. ताण 'देतात' तो आपल्या हातचा. 'बसतो' तो नशिबाचा.

इंदापूर पडले कालव्याच्या टेलला. आवर्तन लांबले, विहीर आटली, तर दिलेला ताण तोडावयास पाणीच नाही. मग 'दिला'चा 'बसला' होतो. काड्या वाळतात, बहार जातो आणि वर्षाचा पैसाही. म्हणून शहाणा बागवान आधी पाण्याची बेगमी पाहतो, मगच झाडाला उपाशी ठेवतो. माळावर प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी दिसतात, ती याचसाठी.