डाकपॅड

बदली होऊन झाशीला आले तेव्हा आमच्या ऑफिसातले आवक-जावकचे बडे बाबू निवृत्तीला टेकले होते. सकाळी एकदा, दुपारी एकदा डाकपॅड घेऊन यायचे. प्रत्येक पत्रावर आवकचा शिक्का, क्रमांक, तारीख. कुठल्या शाखेकडे जायचं ते कोपऱ्यात पेन्सिलीनं. “मॅडम, इसमें दो ही आपके काम की हैं,” म्हणत बाकीचा गठ्ठा परस्पर वाटून टाकायचे. ते निवृत्त झाले, जागा भरली नाही, पत्रव्यवहार ईमेलवर गेला. दारातच निवड करणारा माणूस गेला आणि सगळं टपाल थेट माझ्यासमोर येऊन पडू लागलं.

त्यात सगळ्यात जास्त छळ निरंकांचा. वरून एखादी माहिती मागवली की प्रत्येक शाखा इमानेइतबारे ‘निरंक’ कळवते, आणि ‘रिप्लाय ऑल’ दाबून सगळ्या जगाला कळवते. काही नाही हे सांगणारे ढीगभर मेल, आणि त्यांच्या खाली गाडलेलं एक बिल, ज्याची मुदत आजच संपतेय!

मग बडे बाबूंचंच काम मी यंत्राला लावलं. आउटलुकमध्ये एक नियम करता येतो: ‘टू’मध्ये माझं नाव नसेल तर मेल वेगळ्या फोल्डरात जावा. सीसीतला पसारा तिकडे वळला. तो मी संध्याकाळी चाळते, कधी चाळतही नाही; आजवर काही अडलेलं नाही. निरंकासाठी सगळ्यांना मिळून एकच शीट दिली, आपापल्या रकान्यात भरा म्हटलं. मेलची घंटी बंद केली. टपाल उघडायचं ते ठरल्या वेळी, दिवसातून तीनदा. खरीच घाई असेल त्यानं फोन करावा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता: दिवसातून तीनदाच मेल पाहणाऱ्यांचा ताण कमी झाला. बडे बाबूंना हे सांगितलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं.

वरिष्ठांना मात्र ही शिस्त लागू नाही. ते मेल पाठवतात आणि लगेच फोन करतात, “मेल देखा?” त्याला माझ्याकडे उपाय नाही, बहुधा कुणाकडेच नसावा.

पण फरक पडला. भाद्रपदात इथल्या महाराष्ट्र गणेश मंदिरात आरतीच्या वेळेला पोचता येतं. 1842मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं तेच हे मंदिर. आरतीला भोवताली चार मराठी माणसं भेटतात, खरवसापासून बदल्यांपर्यंत गप्पा होतात. पूर्वी त्या वेळी मी निरंक मोजत बसलेली असे.

शीटही बरी चालली आहे. एक शाखा तेवढी तिच्यात ‘निरंक’ भरते आणि भरल्याचं मेलनं कळवते. सर्वांना.