मातींतील एकत्र कुटुंब

घाण झालेली वस्तु घराबाहेर टाकली म्हणजे घर स्वच्छ झालें, अशी आपणां सर्वांची पिढीजात समजूत आहे. ती कितपत खरी, हें पाहण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आमच्यावर आला. परसांतील डिझेल पंपाची टांकी फुटून विहिरीपासून वीस पावलांवरची माती तेलानें काळी झाली. घरांतील तीनहि बिऱ्हाडें त्याच विहिरीचें पाणी पितात. माती खणून ओढ्याकाठीं टाकावी, असें वडील मंडळींचें मत पडलें. पण ओढ्याच्या खालच्या अंगास वस्ती आहे, आणि त्यांच्याहि विहिरी आहेत. आमच्या धाकट्या सूनबाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. त्यांनीं नम्रपणें एवढेंच विचारलें, "मामंजी, आपलें तेल त्या लोकांनीं कां प्यावें?" त्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं.

मग त्यांनीं समजावून दिलें तें असें. माती निर्जीव नव्हे. तिच्या चिमटींत कोट्यवधि जंतु नांदतात, व त्यांतील कांहींस तेल हेंच अन्न चालतें. मात्र खनिज तेल हें शेंकडों द्रव्यांचें मिश्रण आहे. जंतूंची एक जात त्यांतील साखळीसारखे रेणु फोडते, दुसरी वलयाकार रेणु फोडते, आणि एकीनें टाकलेल्यावर तिसरी जगते. एकट्यास न पेलणारें काम समुदाय पार पाडतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें नवल वाटूं नये.

दिल्लीच्या टेरी संस्थेनें पांच जातींच्या जंतूंचा असा समुदाय मक्याच्या कणसांच्या भुकटींत मुरवून त्यास 'ऑइलझॅपर' हें नांव दिलें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईनजीक 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलें, तेव्हां किनारा साफ करण्यास त्याचें साह्य घेण्यांत आलें. १९८९ सालीं अलास्कांत 'एक्झॉन व्हाल्डीझ' जहाजांतून सुमारें ४ कोटि लिटर तेल सांडलें असतां निराळी रीत अवलंबिली गेली. तेथें किनाऱ्यावर नत्र व स्फुरदयुक्त खतें घालून मूळच्याच जंतूंस बळ देण्यांत आलें.

ही दुसरी रीत आम्हांस झेपण्यासारखी होती. काळी माती खणून जाड ताडपत्रीवर पसरली, तींत कुजलेलें शेणखत व पेंढा मिसळला, वर छप्पर घातलें. ओल राखली, आणि या जंतूंस हवा लागते म्हणून दर आठवड्यास ती फावड्यानें उलथली. पाण्याची तपासणी होईपर्यंत विहीर बंद होती. दूरून पाणी भरतांना घरांत कुरकुर झाली, आणि ती अगदींच गैर होती असें आम्ही म्हणणार नाहीं. आठ महिन्यांनीं मातीचा दर्प गेला. प्रयोगशाळेनेंहि तेल पुष्कळ घटल्याचें कळविलें. विहिरीचें पाणी निर्दोष ठरलें. तरी त्या मातींत आम्ही अद्याप भाजी लावीत नाहीं.

या उपायास मर्यादा आहेत. शिसें, पारा यांसारख्या धातूंस कोणताहि जंतु खाऊन नाहींसें करूं शकत नाहीं. फार तर त्यांचें रूप पालटतें. कारखान्यांच्या सांडपाण्यानें बिघडलेल्या जमिनींचें काम तज्ज्ञांचेंच. पण जें आपल्या अंगणांत सांडलें, तें आपणच निस्तरावें, एवढें तरी प्रत्येक घरास करतां येण्याजोगें आहे. टाकण्यास एक दिवस पुरला असता. निस्तरण्यास आठ महिने लागले, आणि ते घरांतील सर्वांनीं मिळून दिले.