चौथा लोण

आमचे सातही गडी बाद होऊन बाहेर बसलेले आणि मैदानाची आमची बाजू पूर्ण रिकामी. कबड्डीत हे दृश्य फार वेळ दिसत नाही. समोरच्या संघाला लोणाचे 2 जादा गुण मिळतात, बाद झालेले सगळे पुन्हा आत येतात, खेळ पुढे चालू. लातूरच्या त्या हॉलमध्ये ते रिकामं अंगण मी चार वेळा पाहिलं. पहिल्या लोणानंतर आमची पोरं पळत आत आली होती. चौथ्यानंतर चालत आली.

2018 सालचा पावसाळा नुकताच सरला होता. नांदेडच्या कॉलेजात माझं शेवटचं वर्ष. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात, आणि या चार जिल्ह्यांच्या गर्दीतून आमचा संघ बाद फेरीत पोचला होता. मी खेळाडू नव्हतो. पाण्याच्या बाटल्या, पट्ट्या, बर्फाची पिशवी सांभाळायला प्रत्येक सामन्याला जायचो आणि घसा बसेपर्यंत ओरडायचो. पहाटेची एसटी, लोह्याला उजाडलं, अहमदपूरच्या स्टँडवर कागदात बांधलेली सुशीला आणि चहा. डावा कोपरा खेळणारा माझा मित्र खिडकीपाशी बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. चाकूर येईस्तोवर कुणाला कुठे धरायचं, सगळं ठरलं होतं. जिंकणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

सामना मॅटवर होता. आमची पोरं मातीत वाढलेली. आमच्याकडची काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून वर मुरूम आणि लाल माती पसरायची, पाणी मारायचं, चोपायची, मग कुठे अंगण तयार होतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा तर मैदानावर बादलीभर पाणी ओतायचीही लाज वाटायची. कोरड्या ढेकळांवर गुडघे फोडून घेत पोरं खेळली. मातीत कोपऱ्याचा अंगठा रुततो, त्या जोरावर तो चढाईपटूचा घोटा धरून ठेवतो. मॅटवर बूट घालून तोच जोर लावला की पाय पुढे निसटतो. लातूरचा चढाईपटू बोनस रेषेला पाय लावून वळायचा, आणि आमचा डावा कोपरा झेप घेईपर्यंत तो मधल्या रेषेपलीकडे गेलेला असायचा. प्रत्येक वेळी अर्ध्या हाताचं अंतर. मी ओरडत होतो, ‘‘धर रे, धर!’’ आणि मला दिसत होतं, तो धरायलाच निघाला होता.

पण मॅटचं कारण पुढे करणं खोटं ठरेल. ती पोरं आमच्यापेक्षा सरस होती. त्यांची साखळी तुटत नव्हती, एकाने घोटा धरला की बाकीचे न सांगता अंगावर यायचे. पंचांनी एकही निकाल आमच्याविरुद्ध चुकीचा दिला नाही. मध्यंतराला 9–28 होतं आणि ते बरोबर होतं.

लातूरला शिकवण्यांसाठी राहणारी नांदेडकडची पंधरावीस पोरं आमच्या बाजूने ओरडायला आली होती. मध्यंतराच्या त्या 5 मिनिटांत ती एकेक करून उठली. कुणाचा क्लास होता, कुणाची मेस बंद होणार होती. दुसऱ्या डावात पायऱ्यांवर मी एकटा उरलो. एकट्याचा आवाज हॉलमध्ये फार वेगळा ऐकू येतो, तरी मी थांबलो नाही.

हरून परतताना एसटीत सामना पुन्हा खेळला जातो, हा माझा तीन वर्षांचा अनुभव. तो बोनस दिला असता तर, शेवटची चढाई दुसऱ्याला दिली असती तर. त्या संध्याकाळी अहमदपूर गेलं, माळाकोळी गेलं, एकही ‘जर’ कुणाच्या तोंडून निघाला नाही. एका गुणाने हरलेला माणूस निदान भांडू शकतो. आम्हाला भांडायला जागाच नव्हती, आणि मला तेच सर्वांत जास्त लागलं.

लोहा जवळ आल्यावर आमचे कबड्डीचे सर बोलले, ते जकार्ताच्या आशियाई स्पर्धेबद्दल. दोनच महिने झाले असतील. 1990 पासून आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं, सलग सात. 23 ऑगस्ट 2018 ला उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27–18 असं हरवलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच जिंकला, 27–24. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मी तो सामना मोबाइलवर पाहिला होता, आणि आपण हरलो याचं दुःख व नाशिकच्या बाईंचा अभिमान दोन्ही एकाच छातीत मावत नव्हते. सर एवढंच म्हणाले, ‘‘तिकडं कुणीतरी रोज घाम गाळला असंल, तवा जिंकले. आज लातूरचेबी तसेच जिंकले.’’ कुणी उत्तर दिलं नाही. डावा कोपरा घोट्याची पट्टी सोडत होता. ती सुटल्यावर त्याने नीट गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

सातातल्या चौघांचा तो कॉलेजचा शेवटचा सामना ठरला. डावा कोपरा आता पोलिसात आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा लातूरचा विषय त्यानेच काढला. गुण किती होते हे त्याच्या लक्षात नव्हतं. म्हणाला, ‘‘दुसऱ्या डावाला आत येताना म्या वर बघितलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. तू दिसलास.’’

तुमच्या गावात कॉलेजचे सामने असतील तेव्हा जा, बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं. आणि आपली पोरं वाईट हरत असतील तर मध्यंतराला उठू नका. आत येताना ती आधी वर बघतात.