लाईट गेली तर काय थांबू द्यायचे नाही?



गेल्या पंधरा दिवसांत तिघींनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "तुम्ही जनरेटर घेतला म्हणे. कोणत्या कंपनीचा?" कंपनीचे नाव सांगून मी मोकळी झाले असते, पण नुसत्या नावाचा कुणाला उपयोग होत नाही. आधी आपल्या घरात काय अडते ते कळायला हवे. म्हणून आज सगळे पहिल्यापासून सांगते.

आमचे घर दापोड्यात. चारी बाजूंनी गोडाऊन झाली, तरी गावातला आमचा भाग अजून जुनाच आहे. तळमजला, वर एक मजला आणि मागे लांबट अंगण. मी लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा लाईट गेल्याचे आधी कानांना कळायचे. यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबला की समजायचे, गेली! पुढे लोडशेडिंगची वर्षे आली. त्या काळात स्वयंपाक, दळण, पाणी भरणे सगळे वेळापत्रक बघून चाले. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे गेले. देशातला तो पहिलाच प्रयोग होता. आमच्या घरापुरते बोलायचे तर ते वेळापत्रक हळूहळू विसरायला झाले.

पण पाऊस आणि बिघाड काही वेळापत्रक बघून येत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो ना? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. त्यात कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांचा संबंध होता, आणि पडघा तर आमच्याच तालुक्यातले. एवढ्या मोठ्या शहराचे असे होते, तर आपल्या गल्लीचे काय!

खरे सांगायचे तर आपल्या जैन घरात रात्री लाईट गेली म्हणून फारसे अडत नाही. सूर्यास्ताआधी जेवणे झालेली असतात, ओटा आवरलेला असतो. मी सामायिकाला बसले असेन तर ४८ मिनिटे लाईट आहे की नाही याचा पत्ताही नसतो. त्यामुळे इतकी वर्षे एक इन्व्हर्टर आणि एक बॅटरी आम्हाला पुरे होती.

मग दोन वर्षांपूर्वी बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऑक्सिजनवर आल्या. वय ८९. फुप्फुसे थकली आहेत. डॉक्टरांनी घरीच कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला. हे मशीन खोलीतली हवा घेऊन त्यातला ऑक्सिजन वेगळा करून देते. त्यात साठा काही नसतो. वीज बंद झाली की ऑक्सिजन बंद. हे मला माहीत होते, पण माहीत असणे वेगळे आणि मध्यरात्री समोर येणे वेगळे.

मागच्या जुलैत रात्री ११ वाजून २० मिनिटांनी लाईट गेली. बाहेर धो धो पाऊस. इन्व्हर्टर चालू झाला आणि मी निर्धास्त झोपले. २ वाजून ५ मिनिटांनी मशीन किंचाळायला लागले. इन्व्हर्टर संपला होता. खोलीत जोडीला सिलिंडर होते, पण ते उघडायची चावी जागेवर नव्हती. मेणबत्ती लावायची सोय नाही, कारण ऑक्सिजनच्या खोलीत ज्योत चालत नाही. हे मोबाईलच्या उजेडात कपाटे उघडत होते. मी बाईंचा हात धरून बसले होते आणि नवकार म्हणत होते. त्यांची बोटे गार लागत होती. तरी त्याच मला म्हणाल्या, "घाबरू नको गं. सावकाश शोधू दे त्याला."

चावी यांच्या पान्यांच्या डब्यात सापडली. चार मिनिटे लागली असतील. ती चार मिनिटे मी अजून विसरलेले नाही. लाईट आली सकाळी साडेनऊला.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, तरी हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. बॅटरी १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची. गुणाकार केला की १,८०० वॅट-तास. वाटेत जाते ते आणि बॅटरीचे वय वजा जाता हातात उरतात साधारण १,३००. आता खर्चाची बाजू. मशीन ३५० वॅट, पंखा ७५, दोन दिवे मिळून २०, मोबाईल आणि वायफाय २०. बेरीज ४६५. भागाकार केला तर पावणेतीन तास. लाईट गेली ११:२० ला, मशीन ओरडले २:०५ ला. हिशेब मिनिटाला जुळला! हाच भागाकार मी आधी केला असता तर बॅटरीने मला फसवले नसते. फसवले तिने नाहीच, मीच वही उघडली नव्हती.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, पाच केव्हीएचा डिझेलचाच घे. एसी, फ्रिज, पंप, सगळं चालेल." त्याचे प्रेम कळते हो. पण आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांतले आठवे आहे अनर्थदंड विरमण. कारणावाचून होणारी हिंसा टाळायची. इंजिन जाळणे म्हणजे अग्निकायाची आणि वायुकायाची विराधना आहेच. ती बाईंच्या श्वासासाठी केली तर कारण आहे. माझ्या एसीसाठी केली तर कारण कुठले? म्हणून वहीत दोन रकाने केले: 'थांबता कामा नये' आणि 'थांबले तर चालेल'. पहिल्यात मशीन, बाईंचा पंखा, दोन दिवे, फोन आणि औषधांसाठी फ्रिज. दुसऱ्यात एसी, पंप, गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्ही. दुसरा रकाना लांबलचक होता. त्यातले काहीही दहा तास थांबले तरी कुणाचे काही बिघडत नाही.

फ्रिजचे एक लक्षात ठेवा. चालताना तो १५० वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. पंपाचेही तसेच. म्हणून बेरीज ६१५ वॅट आली, तरी त्या धक्क्यासाठी जागा ठेवून आम्ही सलग १,६०० वॅट देणारा पेट्रोलचा छोटा जनरेटर पाहिला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'कमाल' आकडा असतो, तो काही क्षणांपुरता. आपण 'रेटेड' म्हणजे सलग चालण्याचा आकडा विचारायचा. आणि घ्यायचा तो इन्व्हर्टर पद्धतीचा. त्याची वीज नाजूक मशीनला मानवते, आणि भार कमी असला की इंजिन आपोआप मंद चालते, आवाजही कमी. दोरी ओढायचे माझे वय नाही, म्हणून बटणाने सुरू होणारा.

खर्चही सांगते. आमच्या भारावर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल लागते. लिटरचे १०४ रुपये धरले तर ७८ रुपये, आणि त्यात वीज मिळते जेमतेम ०.६ युनिट. म्हणजे एका युनिटला १३० रुपये! भार न घालता मोठा जनरेटर चालवला तर याहून महाग. म्हणून जनरेटर पहिला नाही, शेवटचा उपाय. आधी इन्व्हर्टर, मग जनरेटर, आणि दोन्ही रुसले तर सिलिंडर. बाईंना मिनिटाला २ लिटर लागतो, तेव्हा १,५०० लिटरचे भरलेले सिलिंडर साडेबारा तास पुरते. चावी आता सिलिंडरलाच साखळीने बांधली आहे.

आता खरी गोष्ट. जोडणीसाठी ओळखीतला वायरमन आला. चांगला मुलगा, हात चालाख. म्हणाला, "काकू, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून देतो. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही प्लगमध्ये. अख्खं घर चालू. शे-दोनशेत काम होईल."

मी विचारले, "घरात वीज आली, ती मीटरमधून बाहेरही जाईल ना?"

"जाईल, पण आपण मेन स्विच बंद करायचा."

"आणि रात्री दोनला, बाई गुदमरत असताना, मी विसरले तर?"

तो गप्प झाला. मीही जरा हादरलेच. कारण त्याचा अर्थ यांनी मला समजावून सांगितला होता. आपल्या घरातून उलटी गेलेली २३० व्होल्टची वीज गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली, तर पलीकडच्या बाजूला तिचे हजारो व्होल्ट होतात. आणि लाईट गेलेली असताना त्या तारेला हात कोण लावत असतो? आपलीच लाईट आणायला भर पावसात खांबावर चढलेला लाईनमन. आपण मुंगी वाचवायला पाणी गाळतो, पाय जपून टाकतो. आणि एका वायरीने माणूस मारायची सोय करून ठेवायची? याला जयणा म्हणत नाहीत.

त्या मुलाकडूनच मग डबल पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, बाहेरची वीज नाहीतर जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. विसरायला जागाच नाही. अर्थिंगही नव्याने केले. खर्च काही हजारांत गेला, पण वहीत मी तो 'जनरेटर' खाली लिहिला नाही. वेगळी ओळ केली: 'लाईनमन'.

दुसरी काळजी धुराची. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ज्या बाईंना ऑक्सिजन द्यायचा, त्यांच्याच खिडकीतून हा आत आला तर? म्हणून जनरेटर अंगणाच्या टोकाला, खिडक्यांपासून वीस फुटांहून लांब, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याखाली ठेवला आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला केले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनो, गॅलरीत, जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये जनरेटर ठेवायचा विचार मनातूनही काढून टाका. तुमच्यासाठी दुसरी बॅटरी आणि भरलेले सिलिंडर हाच मार्ग, किंवा सोसायटीने मिळून खाली व्यवस्था करावी.

देखभाल फार नाही, पण नेमाने करायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो वीस मिनिटे भार देऊन चालवते. सध्याच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा धरते, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवत नाही. गरम इंजिनात पेट्रोल ओतत नाही. ऑइल पहिल्या वीस तासांनी बदलले, आता दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

यंदा जूनमध्ये पहिली परीक्षा झाली. रात्री एकला लाईट गेली. दोन तास इन्व्हर्टर चालू दिला, मग दांडा फिरवला आणि बटण दाबले. बाईंची झोपही मोडली नाही. खिडकीतून पाहिले, तर रस्त्यापलीकडच्या खांबावर हेडलाईट लावून एकजण काम करत होता. मी परत जाऊन चेंजओव्हरचा दांडा पाहून आले. खरे तर गरज नव्हती. तरी पाहिला.

पहाटे काम संपवून दोघेजण आमच्या फाटकापाशी हात धुवायला आले. यांनी चहा दिला. त्यातल्या वयस्कर माणसाने अंगणातला आवाज ऐकून विचारले, "काकू, जनरेटर आहे का? चेंजओव्हर लावलाय ना?"

"लावलाय," मी म्हटले. त्याने मान डोलावली आणि कप खाली ठेवला. बाकी काही बोलला नाही.

तेव्हा कंपनीचे नाव शेवटी विचारा. आधी वही उघडा, दोन रकाने करा, आणि पहिल्या रकान्यात शेवटी एक नाव लिहायला विसरू नका, खांबावरच्या माणसाचे.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.