रुन्मारो बेटावरील एक महिना

प्रवासाचे दोन प्रकार आहेत. एक, पुष्कळ स्थळें थोडा थोडा वेळ पाहण्याचा. दुसरा, एकच स्थळ पुष्कळ दिवस पाहण्याचा. दळणवळणाचीं साधनें वाढल्यापासून पहिल्याची भरभराट झाली व दुसरा मागें पडला. वास्तविक आपल्याकडे या दुसऱ्या प्रकारास मोठी प्रतिष्ठा होती. आषाढी एकादशीपासून चार महिने संन्याशानेंहि एका जागीं राहावें व गृहस्थानें घरांत एखादा ग्रंथ लावावा, हा चातुर्मास्याचा शिरस्ता त्यांतलाच होय. सन २०२५ च्या जुलै महिन्यांत आम्हीं परदेशांतील एका लहानशा बेटावर याच रीतीनें एक महिना काढला. तेथें प्रेक्षणीय म्हणून प्रसिद्ध असें कांहीं नव्हतें. आणि म्हणूनच तेथें जें दिसलें व जें वाचलें तें वाचकांपुढें मांडावेंसें वाटतें.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिच्या पूर्वेस बाल्टिक समुद्रांत सुमारें तीस हजार लहानमोठीं बेटें व खडक विखुरलेले आहेत. रुन्मारो हें त्यांपैकींच एक. शहरापासून बसनें तासाभरांत स्ताव्सनेसच्या धक्क्यावर जावें, आणि तेथून बोटीनें थोडक्याच वेळांत बेटावर उतरावें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब स्टॉकहोम येथें राहतात. त्यांनीं बेटावरील एक लांकडी घर महिनाभर भाड्यानें घेतलें, व आम्ही उभयतां पुण्याहून जाऊन त्यांस मिळालों. बरोबर आमची दहा वर्षांची नात होती. ती मराठी बोलते, पण वाचूं शकत नाहीं. स्वीडिश मात्र तिला आपल्या भाषेप्रमाणें येतें.

या बेटांची उत्पत्ति मोठी विलक्षण आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं हा सारा मुलूख प्रचंड जाडीच्या बर्फाखालीं दडपलेला होता. पुढें बर्फ वितळलें, ओझें उतरलें, आणि खचलेली भूमि सावकाश वर येऊं लागली. ती अजूनहि येतच आहे. स्टॉकहोमच्या आसपास हा उठाव वर्षास सुमारें अर्धा सेंटिमीटर, म्हणजे शतकांत अर्धा मीटर भरतो. अलीकडे समुद्राची पातळीहि वाढूं लागल्यामुळें या कमाईचा कांहीं भाग समुद्र परत घेतो. तरी आजोबांची होडी जेथें लागत होती ती जागा नातवाच्या काळीं कोरडी पडावी, हें येथें नवल नव्हे. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविल्याची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांस, बाणाशिवाय चाललेला हा भूमीचा उद्योग पाहून कौतुक वाटलें.

समुद्रहि आपल्या ओळखीचा नाहीं. त्यास भरती-ओहोटी जवळजवळ नाहींच. पाणी वरखालीं होतें तें वाऱ्यानें व हवेच्या दाबानें. मिठाचें प्रमाण महासागराच्या सुमारें एकषष्ठांश. त्यामुळें समुद्रांतील हेरिंग आणि गोड्या पाण्यांतला पाइक हे मासे येथें शेजारीं शेजारीं नांदतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दुरूनच येणारा खारा वास येथें येत नाहीं; येतो तो पाइन वृक्षांच्या तापलेल्या राळेचा. आसपासच्या बेटांवर कठीण खडक फार. रुन्मारोवर चुनखडीचा दगड आहे, व त्यामुळें ऑर्किड जातीचीं नाजूक फुलें विपुल येतात. तीं तोडण्यास कायद्यानें बंदी आहे. उलट रानांतील ब्लूबेरीचीं फळें कोणींहि वेंचावीं. दुसऱ्याच्या जमिनीवरून नासधूस न करतां हिंडण्याचा हक्क या देशांत जुन्या वहिवाटीनें सर्वांस आहे, आणि निसर्गांत वावरण्याच्या या मोकळिकीस सन १९९४ मध्यें राज्यघटनेंतहि स्थान मिळालें. घराचें अंगण तेवढें वर्ज्य. जांभळें खाऊन आमच्या लहानपणीं जिभा जशा रंगत, तशी नातीची जीभ महिनाभर निळी होती.

आतां घराविषयीं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर व कांचा लावलेली एक पडवी. बाहेरून तांबडा रंग. हा रंग फालून गांवच्या तांब्याच्या खाणींतील मातीचा करतात. खाण सन १९९२ मध्यें बंद झाली. रंग अजून तिच्याच मातीचा निघतो. पिण्याचें पाणी हातपंपानें विहिरींतून काढावयाचें, शौचकूप अंगणापलीकडे, आणि थंडी पडल्यास लांकडें फोडून शेगडी पेटवावयाची. अशा घरास तेथें सोम्मरस्तूगा, म्हणजे उन्हाळ्यांतलें घर म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत आगबोटी सुरू झाल्या तेव्हां ही चैन श्रीमंतांपुरतीच होती. सन १९३८ मध्यें कायद्यानें नोकरदारांस वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, सन १९७८ पासून ती पांच आठवडे झाली, आणि सामान्य कुटुंबांसहि उन्हाळा घराबाहेर घालविणें साधूं लागलें. विशेष हा कीं, शहरांत सर्व सोयी असलेले लोक येथें येऊन मुद्दाम पाणी ओढतात व लांकडें फोडतात, आणि त्यासच विश्रांति समजतात.

पहिले दोन दिवस आम्हांस हें समजलें नाहीं. तिसऱ्या दिवसापासून समजूं लागलें. विहिरीवरून चार बादल्या आणावयाच्या असल्या कीं माणूस पाण्याचा हिशेब मनांत ठेवतो. हिशेबानें वागूं लागला कीं त्याची धांदल कमी होते. सकाळीं पाणी व लांकडें; मग बेटावरील एकुलत्या दुकानांत फेरी; दुपारीं जेवण. नव्या बटाट्यांचा तो हंगाम. तेथील लोक ते शेपूच्या देंठांबरोबर उकडतात. शेपूचें नांव काढतांच आपल्याकडे पानावरून उठणारीं मंडळी प्रत्येक घरांत असतात. आमच्याहि घरांत होतीं, पण महिन्याअखेर तींच रोज शेपू मागूं लागलीं.

सर्वांत मोठा फरक उजेडाचा. जुलैच्या आरंभीं सूर्य पहाटें पावणेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्रीं दहाला मावळतो. त्यानंतरहि पुरता काळोख होतच नाहीं. दिवेलागणीस मुलांकडून शुभंकरोति म्हणवून घेण्याची आमच्या घरची रीत; पण येथें दिवेलागणीच्या आधींच नात झोंपीं जावयाची. शेवटीं घड्याळांत सात वाजतां, भर उन्हांत, समई लावावयाची असें ठरलें.

वाचनास आरंभ झाला तो छापील पुस्तकानें नव्हे. स्वयंपाकघरांत खिळ्याला एक जाड वही टांगलेली होती. तींत घरधन्यांच्या दोन-तीन पिढ्यांनीं दरसाल लिहिलेल्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशीं घर उघडलें, पंपाचा वादी कधीं बदलला, पन्हळ केव्हां साफ केली, पहिले बटाटे कधीं निघाले, कोणतें दार पावसांत फुगतें, आणि जातांना काय काय बंद करावें. नात स्वीडिश वाचून मराठींत सांगे व आम्ही ऐकत बसूं. कोठें तिला मराठी शब्द अडे. पन्हळ, वादी, बिजागरी हे शब्द तिला प्रथम त्या वहीमुळें मिळाले. एका ठिकाणीं हस्ताक्षर बदलतें. बापाचें संपून मुलीचें सुरू होतें. त्याविषयीं वहींत एक अक्षर नाहीं. पुढच्याच ओळींत पुन्हां पन्हळ.

छापील ग्रंथांत पहिला मान बेटांच्याच लेखकांस दिला. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यानें याच द्वीपसमूहांतील श्यूमेंदो बेटावर तारुण्यांतले अनेक उन्हाळे काढले, आणि तेथील जीवनावर ‘हेम्सोचे रहिवासी’ ही कादंबरी सन १८८७ मध्यें लिहिली. परंतु ती लिहिली बेटावर नव्हे, तर स्वदेशापासून दूर, जर्मनींत लिंडाऊ येथें. बेटावरच्या लोकांस आपलीं चित्रें तींत ओळखूं आलीं व तीं त्यांस रुचलीं नाहींत. दुसरा कवि तुमास ट्रान्स्ट्रोमर. यास सन २०११ चें नोबेल पारितोषिक मिळालें. याचे मातामह या बेटांच्या अरुंद वाटांतून जहाजें पार नेणारे तांडेल होते, आणि कवीचें उन्हाळी घर रुन्मारोवरच होतें. लहानपणीं तो येथें कीटक जमवीत हिंडे. सन १९७४ मधील त्याचें दीर्घ काव्य बाल्टिक समुद्रावरच असून त्यांत मातामहांच्या नोंदवहीची आठवण आहे. सन १९९० मध्यें पक्षाघातानें त्याची वाचा बहुतेक गेली व उजवा हात निकामी झाला. त्यापुढें तो डाव्या हातानें पियानो वाजवी. सन २०१५ मध्यें तो निवर्तला. सून त्याच्या कविता आधीं मूळांत वाचे, मग अर्थ सांगे. कळलें थोडें, पण ज्या पाण्याविषयीं कवि बोलतो तें पडवींतून दिसत असल्यामुळें तें थोडेंहि पुष्कळ वाटलें.

रात्रीच्या जेवणानंतर मात्र मराठी. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आम्हीं पुण्याहून मुद्दाम नेली होती. हें पुस्तक गुरुजींनीं सन १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, व त्यांतील कथा रात्रीच्या क्रमानें सांगितल्या आहेत. रोज एक रात्र वाचावी असा नेम केला. पहिल्याच दिवशीं नातीनें अडविलें. “आजी, रात्र कुठें आहे? बाहेर तर ऊन आहे.” आजीनें उत्तर दिलें, “अगं, ती गोष्टींतली रात्र. डोळे मीट, म्हणजे होईल.”

वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. स्ट्रिंडबर्गनें आपलीं बेटें परदेशांत बसून लिहिलीं. गुरुजींनीं आपलें कोंकण तुरुंगांत बसून लिहिलें. घराचें चित्र घर सुटल्यावर स्पष्ट होतें. परंतु ज्याचें घर सुटलें त्याच्यापाशीं निदान आठवण असते. आमच्या नातीस कोंकणाची आठवण नाहीं. श्यामच्या गांवची नदी, गोठा, माजघर हें तिनें पाहिलेलें नाहीं. तिला तें सर्व शब्दांतूनच उभें करावें लागतें, आणि शब्दच अपुरे. म्हणून वाचतांना दर दोन ओळींनीं थांबावें लागे. चिरंजीवांस प्रथम हा उशीर सोसवेना. पण माजघर म्हणजे काय हें सांगतां सांगतां आपल्या आजोळचें माजघर त्यांस आठवलें, आणि त्या दिवशीं पुस्तक बाजूस राहून त्यांचेंच कथन तासभर चाललें.

शेजारीं बारा महिने तेथेंच राहणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. सुनेची त्यांच्याशीं ओळख झाली. त्या म्हणाल्या, “जुलैंत अनोळखी लोक मला माझ्याच गांवची वाट विचारतात. जानेवारींत मी खिडकींतून दिवे मोजते, आणि मोजणें लवकर संपतें.” उन्हाळी मंडळींमुळें जुन्या घरांचीं छपरें शाबूत राहिलीं हें त्यांस मान्य होतें. पण दुकान, शाळा व बोट हीं हिवाळ्यांतल्या माणसांवर टिकतात; आणि घरांच्या किंमती अशा चढल्या आहेत कीं, बेटावर जन्मलेल्या मुलांस बेटावर घर घेणें कठीण, असें त्यांचें म्हणणें. आम्हीहि जुलैचेच पाहुणे. हें बोलणें आम्हांसहि लागू होतें.

तें ऐकतांना कोंकणांतील घरें डोळ्यांपुढें आलीं. गणपतीला उघडावयाचीं, आठ दिवस माणसांनीं भरावयाचीं, आणि पुन्हां कुलूप. तेथेंहि शेजारची म्हातारी दिवेच मोजीत असेल. फरक एवढाच कीं, स्वीडनमधील त्या घरीं खिळ्याला वही आहे. घर वर्षांतून कांहीं आठवडेच उघडो. पण उघडणारा दरसाल तेंच काम हातानें करतो, तें लिहून ठेवतो, आणि मुलाच्या हातीं देतो. आमच्याकडे घर उघडतें तें बहुधा पाहुणा म्हणून राहण्यास; पन्हळ गडी साफ करतो आणि कौलें कोणी शाकारलीं हें मुलांस ठाऊक नसतें. मग एके वर्षीं कोणी येत नाहीं, व त्याचें कोणास वाईटहि वाटत नाहीं.

भाषेचेंहि असेंच आहे असें आमचें मत झालें. परदेशीं वाढणाऱ्या मुलांची मराठी बारमाही राहणार नाहीं, हें खेद करून बदलणारें नाहीं. परंतु ती वर्षांतून एक महिना उघडली, तिचीं दारें हातानें ओढून पाहिलीं, अडलेला शब्द थांबून दुरुस्त केला, तर ती पडणार नाहीं. त्यास मोठ्या शाळा लागत नाहींत. एक घर, एक पुस्तक, आणि न कंटाळतां थांबणारीं दोन-तीन माणसें पुरतात.

ज्या वाचकांचीं गांवाकडे कुलुपबंद घरें आहेत, त्यांस आमची एक सूचना आहे. पुढल्या उन्हाळ्यांत आठ दिवसांऐवजीं महिनाभर जावें. मुलांकडून विहिरीचें पाणी काढवावें, परसू झाडवावें, आणि रोज रात्रीं एकच पुस्तक सर्वांनीं मिळून वाचावें. शेजाऱ्यांची विचारपूस करावी, आणि सामान तालुक्याहून न आणतां गांवच्या दुकानांतून घ्यावें. जातांना एक वही ठेवावी. ‘श्यामची आई’ मध्यें चाळीसांहून अधिक रात्री आहेत, आणि जुलैचे दिवस एकतीस. त्यामुळें आमचें पुस्तक पुरें झालें नाहीं. उरलेल्या रात्रीच्या आरंभीं नातीनें खुणेचा कागद घातला असून, त्यावर आपलें नांव देवनागरींत लिहिलें आहे. एक वेलांटी चुकली आहे. ती पुढल्या वर्षीं दुरुस्त होईल.