अनेक हातांचे एक चित्र

संगणकाची आज्ञावली जिथे कोणालाही वाचण्यास, बदलण्यास आणि पुढे वाटण्यास खुली ठेवली जाते, त्या मुक्तस्रोत व्यवहारात काम वाटून घेण्याची एक पद्धत आता चांगली रुळली आहे. एखाद्याला दोष सापडतो, तो मूळ मजकुरात नेमका तेवढाच बदल सुचवतो आणि प्रकल्प सांभाळणारा माणूस तो तपासून, पटला तर, सामील करून घेतो. अशा सुट्या बदलाला ‘पॅच’ म्हणतात, आणि परस्परांना कधीही न भेटलेल्या शेकडो माणसांचे पॅच एकाच आज्ञावलीत सुखाने नांदतात, कारण बदल चालतो की नाही याचा पहिला निवाडा यंत्रच करते. मात्र त्याच प्रकल्पाला आयकॉन, पार्श्वचित्रे, खेळातली पात्रे किंवा अक्षरे हवी असतात आणि ती काढायला स्वयंसेवी कलावंत पुढे येतात, तेव्हा ही रुळलेली पद्धत अडखळू लागते. चित्रातली रेघ चुकली आहे असे कोणतेही यंत्र सांगत नाही, आणि एकाने काढलेल्या चित्राचा कोपरा दुसऱ्याने सुधारला, तर बहुधा ती सुधारणा न राहता पहिल्या हातावर फिरलेला दुसरा हात ठरते.

मुंबईतल्या साकीनाक्याहून दोन दिशांना थोडे अंतर गेले की या प्रश्नाची दोन निरनिराळी रूपे दिसतात. साकी विहार रस्त्याने पवईकडे वळल्यास आयआयटीच्या आवारात, १९६९ साली स्थापन झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजेच आयडीसी, लागते, जिथे देवनागरी अक्षराच्या रचनेचा विचार अनेक वर्षे नेटाने झाला. मेट्रोने घाटकोपरच्या दिशेला गेल्यास पुढच्याच स्थानकाशी असल्फा इथली टेकडी दिसते, आणि तिच्यावरच्या घरांच्या भिंती डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवल्या. गाळे, लहान कारखाने आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची न संपणारी वाहतूक यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या साकीनाक्याचे नाव कलेच्या संदर्भात फारसे घेतले जात नाही. तरी कलावंतांचे सामुदायिक काम कसे उभे राहते आणि कुठे कच्चे राहते, हे समजून घ्यायला हा टापू पुरेसा आहे.

देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने झालेल्या असल्फाच्या उपक्रमात संगणकाचा संबंध नव्हता, पण त्यातली कामाची विभागणी मुक्तस्रोत प्रकल्पांना जवळची आहे. मेट्रोच्या डब्यातून टेकडी एकसंध दिसते, कारण रंगसंगती थोड्यांनी ठरवली आणि भिंती पुष्कळांनी भरल्या. काही भिंतींवर चित्रे आली आणि बाकीच्यांवर सपाट रंग आला, म्हणजे ज्याने आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता त्यालाही चित्राला धक्का न लावता हातभार लावता आला. या उपक्रमावर टीकाही झाली: भिंती रंगवल्याने वस्तीत पाणी येत नाही आणि शौचालये होत नाहीत. टीका खरी आहे, पण तिचा रोख महापालिकेकडे असायला हवा, सुट्टीच्या दिवशी रंगाचे डबे घेऊन टेकडी चढणाऱ्यांकडे नव्हे. त्यांना विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सॉफ्टवेअरच्या जगातल्या कलावंतांनाही तितकाच लागू पडतो: तिसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे निघू लागले की त्या भिंतीकडे कोण पाहणार?

सॉफ्टवेअरच्या जगात या एकसंधपणासाठी जो उपाय सापडला तो म्हणजे चित्र काढण्याआधी ठरवलेली मोजमापे. टँगो या प्रकल्पाने लिनक्सवरच्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरांचे आयकॉन एकाच कुळातले दिसावेत म्हणून २७ रंगछटांची एक मर्यादित पेटी ठरवून दिली, आणि प्रकाश कोठून पडतो, कडा किती जाड असावी हेही लिहून काढले. पुढे २००९ साली ते आयकॉन सार्वजनिक मालकीचे म्हणून मोकळे करण्यात आले. २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेल्या ‘द बॅटल फॉर वेसनॉथ’ या खेळातली व्यवस्था तर जवळून पाहण्यासारखी आहे. त्यात रणभूमी ७२ पिक्सेल मापाच्या षटकोनांची बनलेली असते, त्यामुळे प्रत्येक योद्धा त्या मापाच्या हिशेबानेच काढावा लागतो. शिवाय त्याच्या वेषाचा जो भाग पक्षाचा रंग दाखवणार असेल तो चित्रकाराने किरमिजी गुलाबी रंगाच्या ठरावीक छटांत रंगवायचा असतो, आणि खेळ चालू असताना आज्ञावली नेमक्या त्याच छटा काढून तिथे लाल, निळा किंवा हिरवा रंग भरते. चित्रकाराने चुकून त्या छटांबाहेरचा गुलाबी वापरला तर लाल सैन्यातला एक शिपाई गुलाबी पट्टा मिरवत उभा राहतो. असे नियम जाचक वाटतात खरे, पण त्यांच्यामुळेच निरनिराळ्या देशांतल्या हौशी चित्रकारांची पात्रे एकाच पटावर शेजारी-शेजारी शोभतात. आणि नवख्याला ‘तुझे चित्र चांगले नाही’ असे न सांगता ‘हे माप पाळलेले नाही’ असे सांगता येते. स्वयंसेवकाचे मन राखण्यात या फरकाला फार महत्त्व आहे.

तरीही नियमांनी सगळे साधत नाही. मापात बसलेले चित्रही निर्जीव असू शकते, आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणा एकाच्या नजरेला द्यावाच लागतो. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर २००२ साली लोकवर्गणीतून जमलेल्या एक लाख युरोंच्या बदल्यात मुक्त झाले, आणि २००६ साली त्याच सॉफ्टवेअरवर ‘एलिफंट्स ड्रीम’ हा लघुपट तयार करण्यात आला, तेव्हा त्यासाठी कलावंतांना ॲमस्टरडॅममध्ये एका छपराखाली आणून दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करू दिले गेले. लघुपट मात्र त्याच्या सर्व मूळ फाइलींसह जगाला खुला करून देण्यात आला. काम करताना नजर एकाची आणि काम झाल्यावर मालकी सर्वांची, ही विभागणी कलेच्या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. समान हक्कांच्या नावाखाली प्रत्येक रेघेवर मतदान घेणारे प्रकल्प कलावंतांना फार काळ टिकवू शकत नाहीत.

मराठी माणसाच्या दृष्टीने या सगळ्याचा सर्वांत मोलाचा भाग अक्षरांचा आहे, कारण फॉन्ट हा एकाच वेळी चित्रही असतो आणि आज्ञावलीही. आयडीसीत अध्यापन केलेले र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार होते. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्या हातचा, आणि जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत घडलेला ‘रघू’ फॉन्टही त्यांच्याच हातचा. ‘मंगल’ असंख्य पडद्यांवर पोहोचला, पण त्याचा परवाना बंदिस्त असल्याने त्यातली एखादी वेलांटी दुरुस्त करून पुढे देण्याची कोणाला मुभा नव्हती. ‘रघू’ जनरल पब्लिक लायसन्सखाली, म्हणजे बदल करा पण बदललेली प्रतही तितकीच खुली ठेवा या अटीवर, दिला गेला. एकाच कलावंताच्या दोन अक्षरकुळांचे भवितव्य परवान्याने असे वेगळे केले. जोशी यांचे २००८ साली निधन झाले. त्यानंतरही ‘रघू’ला हात लावण्याचा अधिकार कोणाही जाणकाराला आहे, आणि ही त्यांची मोठी देणगी आहे.

देवनागरीचा फॉन्ट म्हणजे बावन्न अक्षरांची चित्रे नव्हेत. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि निरनिराळ्या रुंदीच्या अक्षरांवर नेमकी बसावी म्हणून लहान-मोठ्या मापांत काढलेल्या वेलांट्या धरून शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. शिरोरेषेची जाडी त्या सगळ्यांत केसभरही बदलून चालत नाही, आणि अनुस्वार किंवा रफार कुठे टेकेल याचा बिंदू प्रत्येक आकृतीवर वेगळा नोंदवावा लागतो. त्यात मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी छपाईतल्या वळणाहून निराळा असतो, म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवून मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळताच मराठी रूप पुढे करण्याची सोय केलेली असते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद ज्या छोट्या आडव्या रकाराने दाखवला जातो तो अनेक वर्षे पडद्यावर तुटत असे. असा तुटलेला रकार ओळखायला चित्रकार असावे लागत नाही. शाळेत नीट मराठी शिकलेली कोणतीही व्यक्ती तो दोष नोंदवू शकते. असल्फाच्या सपाट रंगासारखेच हे काम आहे: कौशल्य नसलेल्याला जागा देणारे, आणि त्याच्या लक्षपूर्वक पाहण्यावाचून पूर्ण न होणारे.

मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. ‘बलू’ हा गुबगुबीत फॉन्ट अनेक भारतीय लिप्यांत आहे, आणि बलू भाई, बलू दा, बलू चेट्टन, बलू तंबी अशा त्याच्या लिपीवार नावांतून भावंडांचे एक कुटुंबच उभे राहते. गुजराती, बंगाली, मल्याळम आणि तमिळ यांची वळणे मुळात इतकी भिन्न आहेत की एका लिपीची रेघ दुसरीवर लादली तर दोन्ही बिघडतील. म्हणून जाडी, गोलाई आणि एकूण स्वभाव समान ठेवून प्रत्येक लिपीला तिच्या वळणाने जाऊ देणे, हा इथला खरा संघटनात्मक निर्णय ठरतो.

हे काम व्यावसायिकांचे होते, आणि ते तसे असण्यात काहीही कमीपणा नाही. मुक्तस्रोताची स्तुती करताना ‘स्वयंसेवक’ हा शब्द प्रोग्रामर आणि कलावंत या दोघांसाठी सारख्याच सहजतेने वापरला जातो, पण दोघांची परिस्थिती सारखी नसते. पगारी नोकरी असलेला प्रोग्रामर संध्याकाळी आज्ञावली लिहितो, आणि पुष्कळदा त्याची कंपनीच त्याला त्यासाठी वेळ देते. उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन सुट्या कामांवर घर चालवणाऱ्या कलावंताला मात्र ‘पैसे नाहीत, पण नाव होईल’ हे वाक्य ग्राहकांकडूनही रोज ऐकावे लागते, आणि तेच वाक्य लोकहिताच्या नावाने पुन्हा कानी पडले तर त्याचा उत्साह मावळणे स्वाभाविक आहे. म्हणून कलावंतांना बोलावणाऱ्या प्रकल्पाने काम नेमके किती आहे, निवड कोण करणार आणि नाकारलेले चित्र चित्रकाराला दुसरीकडे वापरता येईल की नाही, हे आधीच लिहून द्यायला हवे. ‘कोणीतरी छानसा लोगो करा’ अशी हाक घालून पन्नास जणांची चित्रे मागवायची आणि एकोणपन्नास जणांना उत्तरही द्यायचे नाही, ही स्पर्धेची रीत मुक्तस्रोताच्या मूळ विचारालाच बाधक आहे, आणि ती सोडून दिली पाहिजे.

श्रेयाची व्यवस्था तुलनेने सोपी आहे, आणि ती करण्यात हयगय होते याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते. फॉन्टसाठी सर्रास वापरला जाणारा ओपन फॉन्ट लायसन्स हा परवाना बदल करण्यास मोकळीक देतो, पण फॉन्ट एकटाच विकण्यास मनाई करतो, आणि कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या प्रतीला लावू देत नाही, म्हणजे दुसऱ्याने बिघडवलेल्या अक्षराचा दोष मूळ कलावंताच्या माथी येत नाही. या परवान्याच्या प्रथेत फॉन्टसोबत ‘फॉन्टलॉग’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवण्याची शिफारस आहे, जिच्यात कोणी, केव्हा, कोणत्या आकृत्या काढल्या किंवा दुरुस्त केल्या हे क्रमाने लिहिले जाते. चित्रांच्या प्रकल्पांतही अशी फाइल ठेवता येईल, आणि तिच्या शेजारी चित्राची सपाट केलेली प्रत न ठेवता ज्यात प्रत्येक थर सुटा करता येतो ती मूळ फाइल ठेवावी लागेल, कारण चित्राच्या बाबतीत ‘स्रोत’ खुला करणे म्हणजे तेच. पहिला कलावंत काम सोडून गेल्यावर येणारा दुसरा त्या थरांवरून त्याच्या हाताची सवय ओळखू शकतो, आणि जिथे रंग उडाला असेल तिथे कोणता रंग होता हे त्याला अंदाजाने ठरवावे लागत नाही.