जागा सुटली

घाटाच्या चढाला बाबांची गाडी खोकू लागली. कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज, दम नाही, इंजिन भट्टीसारखं तापलेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओढून आणली तेव्हा मी मनातल्या मनात तिचा निरोप घेतला होता. मिस्त्रींनी पुढचं झाकण उतरवलं, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मोठं काय मोडलं न्हाई ताई. कॅमच्या चक्राची जागा सुटलीया."

पिस्टनला जोडलेल्या क्रँकचे दोन फेरे, तेव्हा व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमचा एक. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो, 25 वेळा मिटतो. पिस्टन वर येतो त्याच्या आत त्याला वाट मोकळी करून द्यायची असते. चक्राला 40 दात धरले, तर एका दाताची चूक कॅमवर 9 अंशांची आणि क्रँकवर 18 अंशांची. काही इंजिनांत चूक वाढली की पिस्टन थेट व्हॉल्ववर आदळतो. आमचे व्हॉल्व वाचले होते.

मला हलवून गेली ती चावी. चक्र आणि कॅमचा शाफ्ट यांच्या खाचेत बसणारा पोलादाचा नखाएवढा तुकडा. तिचं काम जागा दाखवण्याचं. भार पेलायचा तो बोल्टच्या आवळणीनं. आधीच्या दुरुस्तीत कुणी तो पुरता आवळला नव्हता. कॅमचा उंचवटा व्हॉल्व दाबतो तेव्हा स्प्रिंग त्याला मागं रेटते. माथा ओलांडला की तीच पुढं ढकलते. सैल चक्राचे हे हिसके ती चावी एकटी सोसत राहिली, अखेर तुटली. बाबा मात्र रोज बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, गाडी ठणठणीत आहे.

शाफ्टची खाच शाबूत होती. मिस्त्रींनी नवी चावी बसवली, खुणेसमोर खूण आणली, नवा बोल्ट टॉर्क रेंचनं आवळला. मला वाटलं, आता स्टार्टर. पण त्यांनी पान्हा लावून क्रँक हातानं फिरवला, सावकाश, कान देऊन. कुठं अडतंय का? दोन पूर्ण फेरे. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. मग स्वतःशीच मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तुमच्या गाडीच्या कॅमचं चक्र कधी उतरवलं, तर घाई करू नका. ते दोन फेरे हातानं फिरवून घ्या, मगच स्टार्टर मारा.